सोन्याहून जड, पण गहाण कोणी ठेवून घेईना: राहात्यातल्या प्लॅटिनमची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ऊसदर, कांदा, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे यावर मी नेहमी लिहितो, आज जरा वेगळा विषय आहे. पण शेवटी तोही आपल्या खिशाचाच आहे.

सुरुवात घरातल्या एका अंगठीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी भाचीचा साखरपुडा झाला. सासरकडची मंडळी शहरातली. त्यांनी आधीच सांगितलं की अंगठ्या प्लॅटिनमच्या घ्यायच्या, दोघांच्या सारख्या. आमच्या राहात्याच्या घरात हा धातू त्या दिवशी पहिल्यांदा आला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने अंगठी हातात घेतली, वजन पाहिलं आणि विचारलं, "चांदी हाय का? मग बोटात कशाला, पायात घालायची असती ना?" आपल्याकडे पांढऱ्या धातूची जागा ठरलेली: जोडवी, पैंजण, तोडे, बाळाचे वाळे. गळ्यात-हातात सोनं. कमरेच्या वर सोनं आणि खाली चांदी हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण आईच्या पिढीतल्या बायकांना तो पाठ आहे. भाची हसून म्हणाली, "आजी, हे सोन्यापेक्षा भारी असतं." आई गप्प बसली, पण तिला पटलं नव्हतं हे तोंडावर दिसत होतं.

पुढे भाची बाळंतपणाला आली आणि अंगठी बोटात रुतायला लागली. मोठी करून आणू म्हणून मीच एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "सर, हे काम मी कधी केलेलं नाही." मीच म्हटलं, "अरे अंगठीच आहे, थोडी वाढवायची, त्यात काय?" त्याने अंगठी कापली. मधे घालायला त्याच्याकडे प्लॅटिनमचा तुकडा नव्हता, म्हणून चांदीचा घातला आणि सोन्याचा डाग देऊन झाळली. त्या दिवशी ठीक दिसली. चार महिन्यांत चांदीचा तुकडा काळा पडला आणि दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा उठून दिसायला लागल्या. चूक कारागिराची नाही, माझी. तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि इतिहास शिकवला, आणि घरात आलेल्या धातूबद्दल मला काडीची माहिती नव्हती.

मग वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की या धातूचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: हे नक्की काय आहे, आणि ते कोणाच्या शब्दावर मानायचं?

सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनचे लोक दक्षिण अमेरिकेत, आज जिथे कोलंबिया देश आहे तिथल्या नद्यांच्या वाळूतून सोनं धुऊन काढत होते. सोन्याबरोबर पांढरट, जड कण यायचे. ते वितळेनात, ठोकून पत्रा होईना. वैतागून त्यांनी त्याला नाव ठेवलं 'प्लाटिना', म्हणजे छोटी चांदी, किंवा आपल्या भाषेत चांदुली म्हणा. नावात कौतुक नव्हतं, हेटाळणी होती. बरं, त्याआधी कित्येक शतकं त्याच किनारपट्टीवर, आजच्या इक्वेडोर-कोलंबियाच्या सीमेवर, स्थानिक कारागीर हेच कण सोन्यात मिसळून, तापवून-ठोकून दागिने घडवत होते. गोऱ्या लोकांना जे जमलं नाही ते त्यांना येत होतं. पण त्यांचं ज्ञान विचारायला गेलं कोण?

पुढे गंमत झाली. लबाड लोकांच्या ध्यानात आलं की ही चांदुली सोन्याइतकीच, किंबहुना सोन्याहून जड आहे. मग सोन्यात ती मिसळायला सुरुवात झाली. वजन करून पाहणाऱ्याला पत्ता लागत नसे. सरकारी टांकसाळीचे अधिकारी हैराण झाले आणि सोन्यातून वेगळं काढलेलं प्लॅटिनम नदीत फेकून देण्याची पद्धत पडली. आज ज्याची अंगठी साखरपुड्यात मिरवतो, ते एकेकाळी भेसळीचा माल म्हणून पाण्यात फेकत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे तिला परत यायचं आहे.

अंतोनियो दे उल्लोआ नावाच्या स्पॅनिश आरमारी अधिकाऱ्याने १७४८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात या धातूचा उल्लेख केला, आणि युरोपातले रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले. अडचण एकच, वितळबिंदू. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १०६४ ला. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. आपल्या सोनाराच्या फुंकणीने किंवा साध्या गॅसच्या ज्योतीने ते लालबुंद होईल, पण पाणी होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या वुलस्टनने ते न वितळवता, भुकटी दाबून आणि तापवून ठोकून कामाजोगं केलं. रशियाला उरल पर्वतात साठे सापडले, तर झारने १८२८ पासून चक्क प्लॅटिनमची नाणी पाडली: ३, ६ आणि १२ रूबलची. १८४५ मध्ये ती बंद करून परत घ्यावी लागली. धातूचा बाजारभाव आणि नाण्यावर छापलेली किंमत यांचं जमेना.

इथून आपल्या मराठी मुलखाशी नातं जुळतं, आणि तेही आपल्या जिल्ह्यातून.

आपल्या तालुक्यातल्या पुणतांब्याला गोदावरीवर जो जुना घाट आहे, तो अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. चौंडीची ही लेक, जिच्या नावावरून आता जिल्हा ओळखला जातो, तिने १७६७ ते १७९५ राज्य केलं आणि पैसा घाट, विहिरी, देवळं, धर्मशाळा यात ओतला. त्याच होळकरांच्या गादीवर पुढे आलेले तुकोजीराव तिसरे १९१३ मध्ये पॅरिसला गेले आणि शोमे नावाच्या पेढीतून पेरूच्या फळासारखे, पण इवलेसे, दोन हिरे विकत घेतले. (इंग्रज त्यांना नासपतीची उपमा देतात. राहात्याच्या माणसाला पेरूच आठवणार, त्याला इलाज नाही.) प्रत्येक हिरा सुमारे ४६-४७ कॅरटचा. 'इंदूर पेअर्स' म्हणून ते जगभर गाजले. तुकोजीरावांनी मुंबईच्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडली. मुलगा यशवंतराव आला. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्याचं मराठी पोशाखातलं चित्र काढलंय, पांढरी शुभ्र वस्त्रं आणि गळ्यात तेच दोन हिरे. १९४६ मध्ये ते हिरे अमेरिकेच्या हॅरी विन्स्टनकडे गेले.

त्या काळात पॅरिसच्या मोठ्या पेढ्या हिरे जडवायला प्लॅटिनमच वापरायच्या. एक तर ते पांढरं, त्यामुळे हिऱ्यात पिवळी झाक पडत नाही. दुसरं म्हणजे ते इतकं चिवट की केसासारख्या बारीक तारेवरही खडा घट्ट बसतो. सोन्याचं कोंदण जाड करावं लागतं, चांदीचं काळं पडतं. कार्तिए पेढीने १९०० च्या आसपास हे तंत्र गाजवलं आणि आपले संस्थानिक पेट्या भरभरून खडे घेऊन पॅरिसला धावले. पटियालाच्या महाराजांचा हार १९२८ मध्ये कार्तिएने पूर्ण केला. त्यात २,९३० हिरे होते आणि मधोमध २३४ कॅरटच्या वर वजनाचा डी बिअर्स हिरा. बडोद्याच्या गायकवाडांकडेही तेच. सयाजीराव तिसरे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, गुरं राखणाऱ्या घरातून गादीवर गेलेले. त्यांनी शाळा-ग्रंथालयांवर खर्च केला. त्यांचा नातू प्रतापसिंहराव याची दुसरी राणी सीतादेवी, तिने १९५० मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सकडून पाचू-हिऱ्यांचा हार प्लॅटिनममध्ये करून घेतला. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदावरून दूर केलं.

माझं मत विचाराल तर पुणतांब्याच्या घाटाच्या पायऱ्या आजही पायाखाली आहेत. पॅरिसचे हार कुठल्या तिजोरीत आहेत ते लिलाववाल्यांना माहीत. पण पटियालाच्या हाराचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. १९४८ च्या सुमारास तो नाहीसा झाला. मोठा हिरा १९८२ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एकटाच उगवला. आणि १९९८ मध्ये लंडनच्या एका जुन्या दागिन्यांच्या दुकानात कार्तिएच्या माणसाला त्या हाराचा सांगाडा सापडला. मोठमोठे खडे काढून घेतलेले, आणि उरलेल्या त्या प्लॅटिनमच्या साखळ्या. विकणाऱ्यांना खड्यांची किंमत कळली होती, धातूचं काय करायचं ते कळलं नव्हतं. वितळवायला सोपं असतं तर तेही राहिलं नसतं.

आता आणखी एक नातं सांगतो, ते मात्र राजेरजवाड्यांचं नाही. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये जगाचा एक किलो ठरवला गेला. तो म्हणजे ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमचा ३९ मिलिमीटर उंचीचा एक दंडगोल. हा धातू गंजत नाही, सहजासहजी झिजत नाही म्हणून त्याची निवड झाली. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. आपली प्रत क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. १९५६ च्या कायद्यानंतर गुंज, मासा, तोळा गेले आणि ग्रॅम आला. म्हणजे राहात्याच्या पेढीवर तराजूत पडणाऱ्या प्रत्येक वजनाचा खापरपणजोबा प्लॅटिनमचा होता! २० मे २०१९ ला किलोची व्याख्या बदलली, तोपर्यंत हे असंच होतं. आपण सोनं मोजत होतो, तेही प्लॅटिनमच्या साक्षीने.

पण मंडळी, साक्षीदार झालेल्या या धातूची साक्ष द्यायला आपल्या गावात कोणी नाही. मुद्दा इथून सुरू होतो.

सोन्याचं बघा. ९ जानेवारी १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर करायचा नाही असा हुकूम निघाला, गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या, किती तरी कुटुंबं देशोधडीला लागली. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, नंतर १९६८ चा कायदा, तो १९९० मध्ये रद्द. पुढे हॉलमार्क आला, १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक. चांगलं-वाईट काहीही असो, सरकारचं सोन्यावर साठ वर्षं बारीक लक्ष आहे. प्लॅटिनमवर? बीआयएसची हॉलमार्क योजना सोनं आणि चांदी या दोन धातूंपुरती आहे. प्लॅटिनमच्या अंगठीच्या आत 'पीटी ९५०' असं कोरलेलं असतं, म्हणजे हजारात ९५० भाग प्लॅटिनम. त्याची हमी देणारं जे प्रमाणपत्र मिळतं, ते प्लॅटिनमचा प्रचार करणाऱ्या व्यापारी संघटनेच्या योजनेतलं असतं, सरकारी नव्हे. योजना चांगली असेलही, बहुतेक आहेच. पण सोन्याचा क्रमांक मोबाईलवर टाकून बीआयएसच्या ॲपवर जसा पडताळता येतो, तसं सरकारी पडताळणीचं साधन इथे नाही.

आणि सोनाराचा दगड? कसोटीवर घासून तेजाब टाकलं की सोन्याचा कस कळतो. प्लॅटिनम नुसत्या तेजाबाला दाद देत नाही. गरम अम्लराज लागतो, म्हणजे दोन तेजाबांचं मिश्रण. ते पेढीवर कोण उकळत बसणार?

शेजारच्या एका घरात याच गोंधळाचा फटका बसला. त्यांच्या मुलाने एका मोठ्या शहरातल्या दुकानातून बायकोसाठी 'प्लॅटिनम'ची अंगठी आणली. सेल्समन म्हणाला होता, "प्लॅटिनम पॉलिश आहे." यांनी पॉलिश हा शब्द सोडून दिला. दीड वर्षात अंगठीचा तळ पिवळट पडला. माझ्याकडे आणून म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञानाचे, सांगा काय ते." पावती पाहिली तर त्यावर १८ कॅरट लिहिलेलं. प्लॅटिनमला कॅरट नसतोच.

ते होतं व्हाईट गोल्ड. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल वगैरे मिसळून पांढरट केलेलं, वरून ऱ्होडियमचा मुलामा. ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू, म्हणून 'प्लॅटिनम पॉलिश' हे शब्द पूर्ण खोटेही नाहीत. याची वाढही युद्धामुळे झाली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारी आम्लं बनवायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेने दागिन्यात ते वापरायला बंदी घातली. पेढ्यांनी मग पांढरं सोनं पुढे केलं. ते वाईट नाही हो, सोनंच आहे. फक्त ज्याचे पैसे दिले तेच मिळालं का, एवढाच प्रश्न.

मी ते शेजाऱ्यांसमोर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करून दाखवलं. तुम्हीही करू शकता, म्हणून नीट सांगतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो, पाच-सहाशे रुपयांत मिळतो. आधी अंगठी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. अंगठी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे राहू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी अंगठीने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. आर्किमिडीजचं तत्त्व आहे, आठवीत शिकवलं होतं!

शेजाऱ्यांची अंगठी ५.४६ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.३५. भागाकार १५.६. आमच्या जावईबापूंची अंगठी, जी कोणी कापलेली नव्हती, ती ८.२८ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.४०. भागाकार २०.७. पीटी ९५० साधारण २० ते २१ च्या दरम्यान येतं. १८ कॅरटचं पांढरं सोनं पंधरा-सोळाच्या आसपास. चांदी सव्वादहा-साडेदहा. शुद्ध सोनंसुद्धा १९.३ च. खडे असतील तर हे गणित चुकतं, आणि छोट्या काट्याची चूक धरावी लागते. पण प्लॅटिनम आणि पांढरं सोनं यातला फरक इतका मोठा आहे की साध्या अंगठीत लपत नाही. शेजारीण म्हणाली, "म्हणजे फसलो का?" म्हटलं, सोनं आहे, फसला नाहीत, गैरसमजात राहिलात. पैसे प्लॅटिनमच्या भावाने दिले की सोन्याच्या ते पावती सांगेल. पावतीप्रमाणे हिशेब ठीक निघाला.

आता खिशाचा विषय. २००८ मध्ये प्लॅटिनमचा भाव सोन्याच्या दुपटीच्या वर गेला होता. 'सोन्यापेक्षा भारी' हे वाक्य तेव्हाचं. २०१५ पासून मात्र जागतिक बाजारात सोनं वर आणि प्लॅटिनम खाली असं चित्र आहे. जाहिराती जुन्याच दिमाखात चालू आहेत. प्लॅटिनमचा निम्म्याहून जास्त वापर दागिन्यांबाहेर होतो. गाड्यांचा धूर शुद्ध करणारं यंत्र, रसायन कारखाने, काच, औषधं. खाणी प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे त्याचा भाव आपल्या लग्नसराईवर नाही, परदेशातल्या मोटारधंद्यावर आणि खाणीवर हलतो.

आणि आपल्या भागात दागिना म्हणजे नुसती हौस नसते, हे मी राहात्याच्या माणसाला काय सांगू? उसाचं पेमेंट लांबलं, पेरूच्या बागेला छाटणीनंतर खर्च आला, पोराची फी भरायची, की बोरमाळ नाहीतर पाटल्या पतसंस्थेत जातात. आईच्या एकदाणीने आमच्या घरात दोन विहिरी आणि माझी बी.एड. केली. किती वेळा ती गहाण गेली आणि सुटून आली, मोजदाद नाही. म्हणून मी सहज एका संस्थेच्या मॅनेजरना विचारलं, "प्लॅटिनमवर कर्ज देता का?" ते हसले. "सर, सोनंच घेतो आपण." हा त्यांचा हेकेखोरपणा नाही. रिझर्व्ह बँकेने दागिने तारणाबद्दल २०२५ मध्ये बँका आणि वित्तसंस्थांसाठी जे नवे निर्देश काढले, त्यांच्या नावातच सोनं आणि चांदी आहे. १ एप्रिल २०२६ पासून चांदीवर कर्ज देण्याची नीट चौकट आली. म्हणजे आईच्या हिशेबातली पायातली चांदीसुद्धा तारण होऊ शकते, आणि भाचीचं प्लॅटिनम नाही. विकायला जा, तर ज्या दुकानातून घेतलं तेच परत घेणार, तेही त्यांच्या अटींवर. घडणावळ सोन्यापेक्षा जास्त, कारण काम अवघड. ती बुडालीच समजा. घट किती धरणार हे घेतानाच पावतीवर लिहून घ्या.

नदीत फेकलेल्या चांदुलीची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो ना? तीच उलटी होऊन आपल्या बंदरावर आली. जगभरच्या सीमाशुल्क वर्गवारीत नियम आहे की मिश्रधातूत वजनाने २ टक्के किंवा जास्त प्लॅटिनम असेल तर तो 'प्लॅटिनमचा मिश्रधातू' धरायचा. बाकी ९८ टक्के काहीही असो. मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार लागू झाला, त्यात प्लॅटिनमला सोन्यापेक्षा कमी शुल्क. मग काय, हुशार लोकांनी नव्वद-पंच्याण्णव टक्के सोन्यात चिमूटभर प्लॅटिनम टाकून माल 'प्लॅटिनम' म्हणून आणायला सुरुवात केली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याचं शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणि प्लॅटिनमचं १५.४ वरून ६.४ वर आलं, तरी ही वाट बंद झाली नाही. शेवटी २०२५ मध्ये केंद्राने ९९ टक्क्यांपेक्षा कमी शुद्धतेच्या प्लॅटिनमच्या आयातीवर निर्बंध घातले. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी सोन्याच्या नावाखाली प्लॅटिनम खपवत होते, आता प्लॅटिनमच्या नावाखाली सोनं. चोरवाट दिसली की सरकार दोन वर्षांत जागं झालं, कारण महसूल बुडत होता. ग्राहकाच्या अंगठीला सरकारी शिक्का मिळावा म्हणून मात्र तशी घाई दिसत नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारायला हरकत नाही. ऊस-कांद्यातून वेळ मिळाला तर.

ज्यांच्या घरात हा धातू आलाच आहे, त्यांच्यासाठी जपणुकीचं सांगतो. प्लॅटिनम काळं पडत नाही. बागेत गंधकाची फवारणी करून आलात तर चांदीची अंगठी काळी होईल, प्लॅटिनमची नाही. पण ओरखडे पडतात, आणि लवकर पडतात. लोक घाबरतात. सोन्याला ओरखडा पडला की कणभर सोनं जातं. प्लॅटिनमचा कण सहसा जात नाही, धातू बाजूला सरकतो आणि चरीच्या काठाला उभा राहतो. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत चकाकी जाऊन मंद, राखाडी झळाळी येते. तो त्याचा स्वभाव आहे. दरवर्षी पॉलिश करून घ्यायची गरज नाही, उलट पॉलिशमध्येच धातू घासून जातो. कोमट पाणी, थोडा साधा साबण, लहान मुलाचा मऊ ब्रश, बास. टूथपेस्ट, राख, चिंच लावू नका. सोन्याच्या अंगठीला लागून त्याच बोटात घालू नका, रोजच्या घर्षणाने सोनं झिजेल. डब्यात वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवा. खडा असेल तर वर्षातून एकदा कोंदणाची नखं सैल झालीत का ते बघून घ्या. आणि दुरुस्ती ज्याच्याकडे प्लॅटिनमचं काम चालतं त्याच्याकडेच. सोन्या-चांदीचा डाग नको. त्याच ज्योतीवर, त्याच मुशीत काम केलं तर शिसं, कोळसा, सिलिका असलं काही प्लॅटिनममध्ये शिरतं आणि ते ठिसूळ होतं. साधीच अंगठी असेल तर घेतानाच अर्धा नंबर मोठी घ्या. आपली बोटं शेतातली, उन्हाळ्यात सुजतात.

भाचीच्या अंगठीचं काय झालं, ते राहिलंच. शेवटी मुंबईला पाठवली. तिथल्या कारागिराने चांदीचा तुकडा आणि पिवळा डाग कापून काढला, आतल्या बाजूने खराब झालेला भागही काढावा लागला, आणि नवा प्लॅटिनमचा तुकडा घालून लेझरने जोडली. खर्च विचारू नका. तो मी दिला, कारण आग्रह माझा होता. अंगठी आता बरोबर बसते, सांधा दिसत नाही. ओट्यावरच्या काट्यावर मी ती पुन्हा बुडवून पाहिली, २०.६ आला. आई बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "एवढं पाण्यात बुडवून बघावं लागतं, त्यापेक्षा माझी एकदाणी दे म्हणावं तिला."

एकदाणी सध्या पतसंस्थेत आहे. नोव्हेंबरात सुटेल.

राहाता, शिर्डी, लोणी, कोपरगाव या भागात प्लॅटिनमचं काम खरोखर येणारा कोणी कारागीर तुमच्या माहितीत असेल तर मला कळवा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघं सोनारकामात आहेत, त्यांना शिकायचंय.